कारखान्यातले पहिले आठ दिवस : रोज किती पडेल एवढेच विचारू नका

धान कापून, चुरून झाले की आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांतून पोरे कामाला निघतात. कुणी वरठीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदारामार्फत लागतो, कुणी गडेगावला अशोक लेलँडमध्ये जमते का ते बघतो, बरेचसे बुटीबोरी नाहीतर थेट पुणे गाठतात. घरची माणसे विचारतात ते एकच : रोज किती पडेल? पहिले आठ दिवस पोराला काय शिकवणार, हे विचारणारा बाप विरळा. आणि नव्या माणसाला सर्वांत जास्त धोका असतो तो याच दिवसांत.

२४ जानेवारी २०२५ आपण विसरलेलो नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले, आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण दगावले, त्यांत सहा बाया होत्या. या स्फोटांचे खापर शिकवणुकीवर फोडायचे नाही. कारणे शोधणे चौकशीचे काम. पण आपली माणसे किती जोखमीच्या कामावर जातात, हे त्यावरून कळते.

कायदा मुका नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेचे शिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगार सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेने घेतली. माहिती, शिकवण आणि देखरेख देणे हे मालकाचे कर्तव्य तिच्यातही आहे, शिवाय प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचे आहे. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात काय होते? पोरगा गेटवर पोचतो, एका कागदावर सही घेतात, हेल्मेट देतात आणि दुपारी तो मशीनवर उभा. सही कशाची, तर प्रशिक्षण मिळाल्याची!

आता आपल्याच तुमसर तालुक्यात बघा. चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉईलच्या मँगनीज खाणी आहेत. खाणींसाठी १९६६ सालीच नियम झाले, की नव्या माणसाला आधी प्रशिक्षण आणि मग काम. खाणीला जे जमते ते कारखान्याला का जमू नये?

नवख्याला शिकवायचे कसे, याचा एक चांगला धडा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घालून दिला. तिकडेही तेव्हा शेतावरची पोरे आणि घरातल्या बाया, मशीन कधी न पाहिलेल्या, कारखान्यात आल्या. त्यांच्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या. आधी माणसाची भीती घालवा आणि त्याला काय येते ते विचारा. मग काम तुकड्या-तुकड्याने करून दाखवा, प्रत्येक तुकड्याचे कारण सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्यालाच बोलू द्या. शेवटी त्याला कामावर सोडा, पण येऊन-जाऊन बघत राहा. आपल्या रोवणीत वेगळे काय असते? नवी पोरगी बांधीत उतरली की जुनी बाई तिला शेजारी घेते, बोटे कशी धरायची ते दाखवते, चूड वाकडी गेली तर तिथेच टोकते. कारखान्यात ही शेजारची बाई गायब असते, कारण जुना कामगार नगावर पैसे घेतो. नवख्याला शिकवण्यात त्याचा तास गेला तर मजुरी बुडते, मग तो कशाला शिकवील? शिकवणाऱ्याचा रोज कापायचा नाही, हे मालकाने आधी ठरवले पाहिजे. बाकीची योजना मग.

पहिला दिवस तर मशीनला हात न लावताच जावा. बाहेर पडायचा रस्ता कुठला, घंटा वाजली तर काय करायचे, मशीन बंद करायचे बटन कुठे, दुखापत झाली तर कुणाला गाठायचे, एवढेच दाखवावे आणि ते मराठीत सांगावे. इंग्रजी पाट्या वाचून कुणी शहाणा होत नाही. चालते मशीन पुसायचे नाही, हे दहादा सांगावे. आणि पहिले काही आठवडे नवख्याला रातपाळी नको. शेतातला माणूस दिवे लागणीला घरी परतणारा, त्याचे डोळे रात्री तीनला मिटणारच.

गावकारभाऱ्यांनाही यात काम आहे. ठेकेदाराची गाडी गावात माणसे न्यायला येते तेव्हा सरपंचांनी किंवा ग्रामसेवकांनी चार गोष्टी विचाराव्यात : कारखाना कुठला, काम कोणते, शिकवणार कोण आणि किती दिवस, राज्य विम्याचा नंबर केव्हा मिळणार? जाणाऱ्यांची नावे आणि ठेकेदाराचा पत्ता पंचायतीत लिहून ठेवावा. नेमणूकपत्राची झेरॉक्स घरी आईजवळ राहू द्या. अपघात झाला आणि ठेकेदाराने कानावर हात ठेवले, तर भरपाईसाठी तोच कागद कामी येतो. विनाशिक्षण सही मागितली तर पोराने थांबावे, असे सांगणे सोपे आहे. गरजवंताला ते जमत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या पोराने नव्हे, गावाने विचारायचा.

आणि दूरच्या कारखान्यांकडे बोट दाखवताना आपल्या राईस मिला विसरू नका. चार-सहा माणसे, उघडा पट्टा, उसन्या तांदळासाठी बॉयलर, आणि हंगामात आलेला नवा हमाल. तिथे साहेब नाही, सुरक्षा अधिकारी नाही. हे पान वाचणाऱ्यांत मिलवालेही आहेत. त्यांनी हंगाम सुरू व्हायच्या आधी पट्ट्यांवर जाळी बसवून घ्यावी, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी पोते उचलायला लावण्याआधी मेन स्विच कुठे आहे ते दाखवावे.