भरपाई दिली, पण कोणाला?

गुलामगिरीच्या नुकसानभरपाईचा विषय निघाला की लंडनहून ठरलेलं उत्तर येतं: झालं ते वाईटच झालं, पण आता पुढचं बघू या. 2015 साली ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जमैकाच्या संसदेत हेच सांगितलं आणि त्याच दौऱ्यात तिथे तुरुंग बांधायला अडीच कोटी पौंड देऊ केले. ऑक्टोबर 2024 मध्ये सामोआत राष्ट्रकुल परिषद भरली, तेव्हा पंतप्रधान कीर स्टार्मर यांचाही सूर तोच होता. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ संघटनेने 2013 मध्ये भरपाई आयोग नेमला आणि 2014 मध्ये दहाकलमी मागणीपत्र पुढे ठेवलं. त्यावरचे आक्षेप वरवर समंजस वाटतात, आपल्याकडेही पुष्कळांना पटतात. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की हे सगळं फार जुनं झालं. मेलेल्यांच्या अपराधाची भरपाई आजच्या माणसांनी का करायची?

ब्रिटिश संसदेने 1833 साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हाच भरपाईचं तत्त्व मान्य केलं होतं. त्यासाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे 40 टक्के एवढी ही रक्कम होती, आणि ती गेली मालकांच्या खिशात. त्या वाटपाच्या नोंदवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत माणसांची प्रतवारी लावलेली आहे: शेतावर राबणारे, कारागीर, घरकाम करणारे. सहा वर्षांखालच्या मुलांचा रकाना वेगळा, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचा वेगळा. वसाहतीगणिक दर निराळे. बार्बाडोसमध्ये ड्रॅक्स हॉल नावाचा उसाचा मळा आहे. त्याच्या मालकाला 189 माणसांपोटी 4,293 पौंड 12 शिलिंग 6 पेन्स मिळाले. त्या 189 जणांना एक पेनीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली आठवड्याला 45 तासांपर्यंत त्याच मालकाकडे फुकट राबणं त्यांच्या नशिबी आलं. ही पद्धत 1838 मध्ये बंद झाली.

या भरपाईसाठी काढलेलं कर्ज पुढच्या कर्जांत मिसळत गेलं आणि शेवटी 2015 साली फिटलं. म्हणजे जमैकाहून येऊन लंडनच्या बसवर कंडक्टरी करणारा माणूसही आपल्या करातून, आपल्याच पणजोबांच्या मालकांना दिलेली भरपाई फेडत होता. जे कर्ज 2015 पर्यंत वसूल करता आलं, त्याचा विषय जुना कसा?

दुसरा आक्षेप कायद्याचा: त्या काळी गुलामगिरी कायदेशीर होती. पण कोणाच्या कायद्याने? वसाहतींच्या विधिमंडळांत मळेवाले बसत आणि तेच कायदे करत. खुद्द इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1772 सालीच सॉमरसेट खटल्यात निकाल दिला होता, की गुलामाला बळजबरीने देशाबाहेर नेण्याला इथल्या कायद्याचा आधार नाही. जमैकात 1831 च्या नाताळात सॅम शार्पच्या पुढाकाराने हजारो गुलामांनी काम नाकारलं. त्याला फाशी दिली गेली. तेव्हाच्या लोकांना हा अन्याय वाटत नव्हता, असं म्हणायचं असेल तर शार्प हा ‘तेव्हाच्या लोकां’त मोडत नव्हता, असंच म्हणावं लागेल. जमैका सरकारने 2025 मध्ये हा प्रश्न राजे चार्ल्स यांच्यामार्फत प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळापुढे नेण्याची घोषणा केली. कायद्याचा आक्षेप ज्यांना खरोखर महत्त्वाचा वाटतो, त्यांनी या पावलाचं स्वागत करावं.

हैतीची गोष्ट तर याहून भयंकर आहे. तिथल्या गुलामांनी बंड करून, नेपोलियनच्या फौजेचा पराभव करून 1 जानेवारी 1804 रोजी स्वातंत्र्य मिळवलं. 1825 मध्ये फ्रान्सच्या युद्धनौका राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर तोफा रोखून उभ्या राहिल्या. मागणी काय, तर मळेवाल्यांचं नुकसान म्हणून 15 कोटी फ्रँक द्या, तरच स्वातंत्र्याला मान्यता. पुढे 1838 मध्ये ही रक्कम 9 कोटींवर आली. पहिल्याच हप्त्यासाठी हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून 3 कोटींचं कर्ज काढावं लागलं आणि त्यातले 60 लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. स्वतःच्या सुटकेची किंमत देण्यासाठी काढलेली ही कर्जं फिटायला 1947 साल उजाडलं. सव्वाशे वर्षं शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा समुद्रापार जात राहिला. राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी 2003 मध्ये हा पैसा परत मागितला, तेव्हा फ्रान्सने तो देण्यास नकार दिला. एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी इतिहास तपासायला दोन्ही देशांची समिती जाहीर केली. समिती चांगलीच आहे, पण पावत्या हाताशी असलेल्या कर्जाचा आणखी तपास किती करायचा?

आफ्रिकेतले सरदारही माणसं विकत होते, हा मुद्दा खरा आहे. त्याने त्या सरदारांचा दोष ठरतो, विकत घेणाऱ्याचा दोष उतरत नाही.

उरला तो आक्षेप जास्त गंभीर आहे: पैसा भ्रष्ट सरकारांच्या हाती पडेल. पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग आज सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे, हे नाकारून चालणार नाही. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्यांनी आपल्या दारात तो द्यायला हवा, हेही खरं. बहामाज हा कॅरिकॉमचाच सदस्य, पण 2019 च्या डोरियन चक्रीवादळात घरं गमावलेल्या हैतीच्या लोकांनाही त्याने परत पाठवलं. हे लाजिरवाणं होतं. पण दहाकलमी मागणीपत्र कोणी वाचतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. त्यात घरटी चेक वाटा असं कुठेही म्हटलेलं नाही. औपचारिक माफी, मूळ रहिवाशांचं पुनर्वसन, मधुमेह-रक्तदाबाच्या साथीला तोंड देणारी आरोग्यव्यवस्था, साक्षरता, तंत्रज्ञान आणि कर्जमाफी, अशी ती कलमं आहेत.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मळेमालक जॉन ग्लॅडस्टन यांना भरपाईपोटी लाखाहून जास्त पौंड मिळाले, आणि मुक्त झालेल्या मजुरांची जागा भरायला त्यांनी कलकत्त्याहून माणसं मागवली. ती 5 मे 1838 रोजी ब्रिटिश गयानात उतरली. 1917 पर्यंत त्या एका वसाहतीत सुमारे 2 लाख 39 हजार भारतीय गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेले. ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी 2023 मध्ये गयानात जाऊन माफी मागितली. दुसरी गोष्ट: ज्या 1833 साली मळेवाल्यांची भरपाई ठरली, त्याच साली त्याच संसदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश भारताच्या महसुलातून द्यायचं ठरवलं. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत ज्यांना शाळेपासून पाठ आहे, त्यांना जमैकाची मागणी परकी वाटायला नको.

आणि कॅरिबियनमधून ब्रिटनला गेलेल्यांचं काय झालं? 22 जून 1948 रोजी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातले प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. युद्धाने खिळखिळं झालेलं ब्रिटन उभं करायला कॅरिबियन माणसं नागरिक म्हणून येत होती. पुढे सरकारने आपल्याकडची त्यांची आगमनपत्रं 2010 मध्ये नष्ट केली आणि 2012 पासून कागद नसणाऱ्यांचं जिणं मुश्कील करण्याचं धोरण राबवलं. पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या, घरं, औषधोपचार गेले. निदान 83 जणांना चुकीने देशाबाहेर काढलं गेलं. 2018 मध्ये बोभाटा झाला, गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला, 2019 मध्ये भरपाई योजना आली. तीही इतकी रेंगाळली, की कित्येक जण वाट पाहतच गेले. 1834 मध्ये मळेवाल्याच्या सहा वर्षांखालच्या ‘मालमत्ते’ची नोंद बिनचूक ठेवणाऱ्या राज्यव्यवस्थेला 1950 च्या दशकात आलेल्या नागरिकाचा एक कागद जपता आला नाही.

मागणीपत्रातलं कर्जमाफीचं कलम मला सर्वांत तातडीचं वाटतं. 1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळाने ग्रेनाडाचं कॅरियाकू बेट जमीनदोस्त केलं, तर 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसाने जमैकाचा पश्चिम भाग उद्ध्वस्त केला. पडलेली शाळा आणि दवाखाना पुन्हा बांधायचा तर ही बेटं आणखी कर्ज काढतात. ते कर्ज आधी पुसा, मग पुढचं बघू.