आठवण शाबूत, अर्थ हरवलेला

समजा, निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. घड बघताच सोनाका, माणिक चमन की शरद सीडलेस, हे सांगणारे. साठीच्या आसपास त्यांच्या तोंडून वाणांची नावं जातात. सगळी नुसती ‘द्राक्षं’ होतात. पुढे द्राक्षाचं ‘फळ’ होतं. मग एक दिवस हातातला चिकू फिरवत ते विचारतात, ‘चिकू म्हणजे काय?’ पण काल घरी कोण आलं होतं, छाटणी कधी झाली, हे त्यांना ठाऊक असतं. रस्ताही चुकत नाही.

घरचे म्हणतात, वय झालं. कुणाला वाटतं, कानाने कमी ऐकू येतंय.

हा सिमँटिक डिमेन्शिया. कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग यात झिजत जातो, बहुधा डावीकडे जास्त. एंडेल टुलविंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगांची स्मृती आणि अर्थांची स्मृती वेगळी मांडली. लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ साली अर्थच निसटत चाललेल्या तीन रुग्णांची नोंद केली. टोरांटोच्या केंट कॉक्रन यांचं नेमकं उलट झालं. १९८१ च्या मोटारसायकल अपघातानंतर त्यांना आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना, मात्र बुद्धिबळ आणि अपघाताआधी मिळवलेली माहिती शाबूत राहिली. विसरणं एकाच जातीचं नसतं, हे आपल्याकडे घराघरांत पोचायला हवं.

मराठी घरात हा आजार ओळखणं आणखी अवघड आहे, आणि त्याला आपली लिपीही कारण आहे. इंग्रजीत स्पेलिंग एक नि उच्चार भलताच, असे शब्द वाचताना हे रुग्ण अडखळतात. जपानमध्ये त्सुनेओ इमुरा यांनी १९४३ मध्येच असे रुग्ण वर्णिले; तिथे जपानी लिपीतली कांजी चिन्हं वाचताना ते अडतात. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचता येतं. त्यामुळे अर्थ गेलेला माणूसही पेपर घडाघडा वाचून दाखवू शकतो, आणि ऐकणारे निर्धास्त होतात.

मग तपासणीची वेळ येते. चित्रं दाखवून नावं विचारायची बॉस्टनची प्रसिद्ध चाचणी आहे, ६० चित्रांची. त्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेटझेल आहे. सुरगाण्याच्या आजीला यातलं एकही सांगता आलं नाही, तर तिच्या मेंदूबद्दल काय कळलं? काहीच नाही. प्रश्नांचं मराठी भाषांतर करून हे सुटत नाही; वस्तूच आपल्या हव्यात. पाभर, कासरा, उखळ, विळी, नागलीचं कणीस. बागलाणात अहिराणी नाव चालायला हवं, सुरगाण्यात कोकणा.

हा आजार बरा करणारं औषध आज नाही. तरी वेळीच निदान झालं, तर घरातले माणसाला ‘मुद्दाम करतो’ म्हणून रागावणं थांबवतात, आणि हे थोडकं नाही. शिवाय रोजच्या वापरातली स्वतःची वस्तू अशा रुग्णांना जास्त काळ ओळखता येते. तसलीच दुसरी हातात दिली तर ते गोंधळतात. म्हणून बागायतदाराची जुनी कात्री, नेहमीचा पेला, ठरलेली खुर्ची बदलू नये.

राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. वाचा-श्रवण उपचारांचे अभ्यासक्रमही त्याच्याशी जोडलेले आहेत. तपासणीसाठी नाशिक जिल्ह्यातल्या वस्तूंचा चित्रसंच याच विद्यापीठाने तयार करून घ्यावा. विद्यार्थ्यांनी निफाड, कळवण, सटाणा, सुरगाणा इथल्या निरोगी वयस्कांना तो आधी दाखवावा. शाळेत गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची उत्तरं वेगळी मांडावीत. म्हणजे कधी शाळेची पायरी न चढलेल्या माणसावर आजाराचा शिक्का बसणार नाही, आणि खरा रुग्ण ‘वय झालं’ म्हणून घरी परत पाठवला जाणार नाही.