घोटाघोटाचा हिशोब

मराठवाड्यातील एका भुसार व्यापाऱ्यांवर हिवाळ्याच्या तोंडावर वजन घटविण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पथ्याचा तक्ता भिंतीवर लागला, औषधांच्या वेळा सूनबाईंनी वहीत मांडल्या. महिनाभराने ते दुकानात गादीवर बसू लागले आणि आठवडाभरातच एका दुपारी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली कोसळले. तपासणीत साखर ठीक होती, जखमही भरली होती. उणीव निघाली ती पाण्याची. "दिवसभरात किती पाणी पिता?" या प्रश्नावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तहानच लागत नाही."

या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो व उरते ती अरुंद नळी. पेलाभर पाणी एका दमात पिणे तिला सोसत नाही. छातीत कळ येते, उलटी होते. शिवाय आपल्याला बरेचसे पाणी अन्नातून मिळते. आहार घटला की तो झराही आटतो. म्हणून दिवसाला किमान दीड लिटर द्रव घोटाघोटाने घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास मात्र पाणी वर्ज्य.

व्यापाऱ्यांचा नवकारशी-चौविहाराचा नेम वीस वर्षांचा. हिवाळ्यात नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत जेमतेम दहा तास मिळतात. चार अल्पाहार आणि त्यांपुढील विश्रांती यांत चार तास जातात. उरलेल्या सहा तासांत दीड लिटर, म्हणजे ताशी 250 मिलिलिटर. गिऱ्हाइकांच्या गर्दीत हा हप्ता रोज चुकत होता आणि थकबाकी शरीर सोसत होते.

पत्नीने साध्वीजींसमोर हा पेच मांडला. महासतींनी शांतपणे समजावले, की पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. व्याधीत समाधी टिकावी, हा त्यांतील एकाचा हेतू. प्रकृती सावरेपर्यंत चौविहाराऐवजी तिविहार घ्यावा. त्यात रात्री उकळलेल्या पाण्याची मोकळीक असते. नेम मोडल्याचे शल्य तेथेच विरघळले.

आता गादीशेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली असते. दर पंधरा मिनिटांनी चार-पाच लहान घोट. दिवसात तीन बाटल्या संपल्या, की सूनबाई वहीत खूण करतात. मध्येच मुगाचे गाळलेले पाणी, कधी पातळ ताक. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, म्हणजे द्विदलाचा दोषही टळतो. सोडा आणि साखरेची सरबते मात्र बंद.

लघवी गडद व थोडी होणे, तोंड कोरडे पडणे, उभे राहताच चक्कर येणे या पाणी कमी पडल्याच्या खुणा होत. घोटभर पाणीही पोटात ठरेनासे झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता रुग्णालय गाठावे. सतत उलट्यांनी ब-1 जीवनसत्त्वही घटते व त्याचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड वा हृदयाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पुढे पर्युषणात उपवासाचा विषय निघाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी स्वतःच सांगितले, "यंदा स्वाध्याय आणि मौन. उपवास डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर." शेजारची बाटली त्यांनी उघडली आणि एक घोट घेतला.