निलगिरीच्या बाटलीला औषधाचेच नियम हवेत

सर्दी झाली की निलगिरीचे तेल, दाढ ठणकली की लवंगेचे तेल, हे उपाय आपल्या घरांत रुळलेले आहेत. त्यांत तथ्यही आहे: लवंगेतल्या युजेनॉलने वेदना बधिर होते आणि दंतवैद्य ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून वापरतात. पण ज्यात गुण देण्याची ताकद आहे, त्यात अपायाचीही असते. निलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे.

आजीच्या बटव्यात हे होतेच, असे कुणी म्हणेल. पण अख्खी लवंग दाढेखाली धरणे वेगळे आणि ऊर्ध्वपातनाने काढलेला तिचा तीव्र अर्क वेगळा. मग तेल वापरूच नये का? जरूर वापरावे, पण नवख्याने ते पोटात घेऊ नये. त्वचेवर लावायचे तर चमचाभर खोबरेल तेलात दोनच थेंब मिसळून आधी मनगटावर लावून पाहावे. तान्ह्या बाळाला ते लावूच नये आणि बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. धाप लागली, ताप उतरेना किंवा गाल सुजला, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.