चार बे घेताय? मग दोन डिस्क घराबाहेर ठेवा!

गेला आठवडाभर ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच विषय चाललाय. आमच्या टीममधल्या एकाने नवा फ्लॅट घेतला आणि आता त्याला घरी नॅस हवाय. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्कची पेटी. फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळ्यांचं मिळून एकच सामाईक कपाट. मग काय, जो तो तज्ज्ञ! "दोन बे घेऊ नकोस, चारच घे." "रेड ५ टाक." "गिगाबिट कोण वापरतं आता?" मी आपला गप्प बसून डबा खात होतो. पण शुक्रवारी एक जण म्हणाला, "रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?" आणि माझं डोकं सटकलं. तिथे जे धड बोलता आलं नाही, ते इथे लिहितोय.

मंडळी, रेड म्हणजे बॅकअप नव्हे! पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली रेडवरचा तो प्रसिद्ध पेपर लिहिला. कल्पना अशी की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, आणि त्यातली एखादी मेली तरी काम थांबू द्यायचं नाही. काम थांबू नये, बास. तुम्ही फाईल उडवलीत तर रेड ती सगळ्या डिस्कवरून इमानदारीत उडवतो. मालकाने सांगितलं की करायचं, का म्हणून विचारायचं नाही.

हे मला कसं कळलं? ऐका.

दोन वर्षांपूर्वी मीही मोठ्या हौसेने नॅस घेतला. दोन डिस्क, रेड १, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. घरातल्या सगळ्यांचे फोन त्याला सिंक केले. टू-वे सिंक! फोनवर बदल झाला की नॅसवर, नॅसवर झाला की फोनवर. स्नॅपशॉट बंद ठेवले, कारण "जागा खातात". रिसायकल बिनही बंद. स्वतःला शहाणा समजत होतो, दुसरं काय.

मग एक दिवस बाबांचा फोन भरला. त्यांनी जुने व्हिडिओ डिलीट केले. मला विचारून केले हो! "अरे, हे सगळं तुझ्या त्या पेटीत आहे ना?" मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "हो बाबा, करा तुम्ही डिलीट."

आजीच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा आई म्हणाली, "तो भूकंपाचा व्हिडिओ लाव रे." आजी पाटणची. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप, अंधारात पोरांना उचलून अंगणात कशी धावली, हे ती बावीस मिनिटं सांगते, मध्येच बाबांना दटावते, मध्येच हसते. मी टीव्हीवर नॅस उघडला. फोल्डर रिकामं. दोन्ही डिस्क ठणठणीत, दिवे हिरवेगार, आणि व्हिडिओ नाही. मावशीच्या व्हॉट्सॲपमध्ये दोन मिनिटांचा एक धुरकट तुकडा मिळाला. उरलेली वीस मिनिटं गेली. बाबा अजूनही म्हणतात, "माझंच चुकलं." चूक त्यांची नव्हती, माझी होती. निर्धास्त राहा असं मीच त्यांना सांगितलं होतं.

"आमच्याकडे कोणी डिलीट करत नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला पूर आला तेव्हा मामाच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. लग्नाचे अल्बम, निगेटिव्ह, सीडी, सगळं एकाच कपाटात होतं. सगळ्याचा लगदा झाला. त्या कपाटात चार बे असते तरी काय फरक पडला असता?

आणि हो, पेटीला इंटरनेटवरून थेट दार उघडून देऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फाईल कुलूपबंद केल्या आणि ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली. रेडने तेव्हा काय केलं असेल? कुलूप लावलेल्या फाईली सगळ्या डिस्कवर व्यवस्थित सांभाळल्या! बाहेरून हवंच असेल तर व्हीपीएन वापरा.

मग घ्यायचं काय? आधी घरातला डेटा मोजा. पुन्हा डाउनलोड होतील ते सिनेमे सोडून फक्त फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. माझा भरला जेमतेम ७०० जीबी. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये टाकल्या की १२ टीबी मिळतात. एवढ्या जागेत मी काय भरणार, भुसा? त्याच चार डिस्क घ्या, पण दोन पेटीत आणि दोन पेटीबाहेर. पेटीतल्या दोन रेड १ मध्ये. बाहेरच्या दोन यूएसबीच्या: एक घरात, दर रविवारी बॅकअप घेऊन केबल काढून ठेवायची, दुसरी दुसऱ्या गावी, एन्क्रिप्ट करून. माझी आता मामाकडे असते (मामा हल्ली तिसऱ्या मजल्यावर राहतो!). गणपतीत आणि दिवाळीत जातो तेव्हा अदलाबदल.

वेगाचं म्हणाल तर गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, घरच्या फोटोंना भरपूर झाले. टेन गिगच्या पैशात यूपीएस घ्या. जुन्या पीसीचा नॅस करायलाही हरकत नाही, फक्त विजेचा हिशोब करा: ६० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट.

"क्लाऊड आहे की!" आहे ना. पण गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आणि तिथेही सिंक म्हणजे सिंकच. बाबांनी फोटोज ॲपमधून उडवलं की साठ दिवसांनी कचरापेटीतूनही गेलं. अजून एक प्रत म्हणून क्लाऊड जरूर ठेवा, पण एकुलती एक म्हणून नको.

आणि शेवटचं, सगळ्यात कंटाळवाणं काम. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एखादी फाईल परत काढून, उघडून बघा. पिक्सारमध्ये १९९८ साली एका चुकीच्या कमांडने 'टॉय स्टोरी २' चा बराचसा भाग उडाला, तेव्हा कळलं की बॅकअप नीट होतच नव्हते. सिनेमा वाचला तो गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरी एक प्रत होती म्हणून. घरी म्हणजे ऑफिसबाहेर, मुद्दा लक्षात आला ना?

असो. सोमवारी कँटीनमध्ये मी एवढंच विचारणार आहे: "बे किती ते राहू दे. तुझी दुसरी प्रत कुठल्या गावी आहे?"

आज रविवार. माझी केबल जोडायची वेळ झाली.