काळी-पिवळी

काळी-पिवळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची टॅक्सी येते. पिट्सबर्गच्या माणसासमोर मात्र अख्खं गाव उभं राहतं. याला थोडाफार कारणीभूत आहे विझ खलिफा या तिथल्याच रॅपरचं २०१० सालचं 'ब्लॅक अँड यलो' हे गाणं. गंमत म्हणजे तेही गाडीवरूनच सुचलेलं! त्याच्या डॉज चॅलेंजरचे रंग काळा आणि पिवळा.

पण हेच रंग पिट्सबर्गच्या झेंड्याचे. तिथला फुटबॉलचा स्टीलर्स, बेसबॉलचा पायरेट्स आणि आइस हॉकीचा पेंग्विन्स, तिन्ही संघ याच रंगांत खेळतात. त्या मोसमात स्टीलर्स सुपर बोलच्या अंतिम सामन्यात पोचले आणि गावाने हे गाणं उचललं. फेब्रुवारी २०११ मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० मध्ये पहिल्या नंबरावरही गेलं. सामना मात्र ६ फेब्रुवारीला ग्रीन बे पॅकर्सने ३१-२५ असा जिंकला. आता हरल्यावर गाणं विसरलं जायला हवं ना? तसं झालं नाही.

माझ्या टीममधला एक जण म्हणतो, "अरे, यात खेळ कुठेय? गाडी, दागिने आणि स्वतःचा रुबाब. चाल बांधणारे स्टारगेट तर नॉर्वेचे. हे कसलं गावाचं गाणं?" काही कट्टर मंडळींचा आक्षेप आणखी वेगळा: आमचा रंग पिवळा नाही, सोनेरी आहे!

मुद्दे सगळे बरोबर आहेत, पण मला निष्कर्ष पटत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज बघतो की बनवणारा एका कामासाठी बनवतो आणि वापरणारा भलत्याच कामासाठी वापरतो. शेवटी खरं ठरतं ते वापरणाऱ्याचंच. पॅकर्ससाठी लिल वेनने त्याच चालीवर 'ग्रीन अँड यलो' केलं. ते मुद्दाम संघासाठी केलेलं, तरी मला ते नुसतं कॉपी-पेस्टच वाटतं.

पिट्सबर्गला हे गाणं का चिकटलं, याचं उत्तर जरा मागे आहे. १९७५ ते १९८० या काळात स्टीलर्सने चार सुपर बोल जिंकले. आणि त्यानंतर लगेच पोलादाचे कारखाने बंद पडत गेले. हजारो लोक कामासाठी दुसऱ्या राज्यांत गेले. जाताना गिरणी नेता येत नाही, नदी नेता येत नाही. रंग नेता येतात. म्हणून तर आजही परक्या गावातल्या स्टेडियममध्ये पिवळे टॉवेल फडकताना दिसतात. ती टूमही १९७५ सालची, मायरन कोप या समालोचकाने काढलेली. घरातला टॉवेल आणा आणि फिरवा, इतकी साधी.

अशा लोकांना गावाचा इतिहास सांगणारं लांबलचक गीत नको असतं. दोन रंगांची नावं पुरतात, बाकीचं ज्याचं त्याच्याकडे असतंच. खलिफाने स्वतःच्या मस्तीत त्या रंगांची नावं घेतली. एजन्सीकडून ठरवून लिहून घेतलं असतं तर त्यात पूल, नद्या, पोलाद, मेहनत, सगळं कोंबलं असतं आणि कुणी गुणगुणलंही नसतं.

असो. नोकरीसाठी गाव सोडून बारा वाटांना गेलेले आपणही कमी नाही. आपल्या गावाचे असे दोन रंग कुठले, सांगता येतील का हो?