रायफल घेण्याआधी हिशेब मांडा

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. शिक्षकाचा मुलगा, आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. तेव्हापासून आमच्याकडे एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. "भाऊ, पोराचा नेम चांगला आहे. परवडेल अशी रायफल कोणती?" सफाई खात्यातील एका बांधवाने तर पतपेढीच्या कर्जाचा अर्जच भरून आणला. जामीनदार म्हणून आमची सही हवी होती. मुलगी अकरावीत, एन.सी.सी.च्या फायरिंगमध्ये पहिली आलेली. आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. त्यावर जे मांडले तेच येथे देत आहोत, कारण प्रश्न एका घराचा नाही.

प्रथम वस्तू समजून घेऊ. या स्पर्धेत .२२ बोअरची, एका वेळी एकच गोळी भरायची रायफल लागते. बहुतेक नेमबाज बोल्टची रायफल वापरतात. बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. नवी गोळी ठेवून बोल्ट पुढे सारला आणि मूठ खाली दाबली की नळी मागून घट्ट बंद होते. गोळी सुटताना आत फारसे काही हलत नाही, म्हणून प्रत्येक गोळी सारखी जाते. आणि ती सारखीच जावी लागते. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. गुडघ्यावर बसून २०, पालथे झोपून २० आणि उभे राहून २०, अशा ६० गोळ्या त्यावर मारायच्या, आणि त्याही दुर्बिणीच्या मदतीवाचून.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ही रायफल म्हणजे बंदूकच. तिला परवाना लागतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरात तो पोलीस आयुक्त देतात, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, पण ती वाट रायफल क्लबातूनच जाते. नवी परदेशी रायफलही सर्वसाधारण माणसाला मागवता येत नाही. ठराविक दर्जा गाठलेल्या नेमबाजांनाच ती सवलत आहे. "परवान्याचे नंतर पाहू" म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला, तर त्याच्या दारातही उभे राहू नका. पोरीचे पदक राहील बाजूला, बापाची नोकरी जाईल.

आता पैशाचे. रायफलीची किंमत एकदा द्यायची, गोळीची रोज. समजा गोळी २० रुपयांना पडली आणि महिन्यातून १२ दिवस, दिवसाला ६० गोळ्या असा सराव झाला. महिन्याच्या ७२० गोळ्या झाल्या, वर्षाच्या ८,६४०. रुपये झाले १,७२,८००. गोळीचा भाव बदलेल, गुणाकाराची रीत बदलणार नाही. त्या बांधवाच्या अर्जात फक्त रायफल होती, गोळ्यांचा रकानाच नव्हता. रायफल घरी आली असती आणि गोळ्यांवाचून कपाटात पडून राहिली असती. कर्जाचा हप्ता मात्र धाकट्याच्या आय.टी.आय.च्या फीमधून गेला असता.

मग गरिबाच्या लेकराने नेम धरूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. रायफल आपली नसली तरी नेम आपला होऊ शकतो. एन.सी.सी.त .२२ ची रायफल सरकारची, गोळीही सरकारची. अंजली भागवत यांना नेमबाजीची गोडी एन.सी.सी.तच लागली. पुढे त्या वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये घडल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. स्वप्निल सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. लष्कराचे नेमबाजी पथक तर महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी आहे. तेथे जवानाला हत्यार आणि गोळी सरकार देते. क्लबात सुरुवात बहुधा १० मीटरच्या एअर रायफलीने होते. स्पर्धेच्या साध्या एअर रायफलीला परवाना लागत नाही आणि छऱ्याचा खर्चही गोळीपेक्षा पुष्कळ कमी.

हे ऐकून ती मुलगी म्हणाली, "काका, पण क्लबची रायफल माझ्या मापाची नसते. दस्ता लांब पडतो, मान ताणावी लागते." तिचे म्हणणे खरे होते. म्हणूनच रायफल घेण्याची वेळ येईल तेव्हा कंपनीच्या नावाआधी माप पाहावे. दस्त्याची लांबी आणि गाल टेकवायची फळी कमी-जास्त करता आली पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलांना तर ते हवेच. उभे राहून पेलवेल एवढेच वजन असावे. नियमात वजनाची मर्यादा असली, तरी ती गाठलीच पाहिजे असे नाही. चाप हलका आणि दर वेळी एकाच जागी सुटणारा हवा. पुढे गोल माशी आणि मागे बारीक छिद्राची सोय असावी. आयुध निर्माणीची .२२ बोल्ट रायफल परदेशी रायफलीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, पण तिची माशी उघडी आणि घडण साधी. हात बसवायला ती ठीक, मोठ्या स्पर्धेला अपुरी.

आन्शुट्झ, वाल्थर या जर्मन रायफली स्पर्धेत नावाजलेल्या, पण नवी घ्यायची तर किंमत लाखांत जाते. परवडण्याजोगा मार्ग म्हणजे नेमबाजी सोडलेल्या खेळाडूची जुनी रायफल. चांगली राखलेली .२२ ची नळी फार वर्षे टिकते. मात्र विक्रीलाही सरकारी अटी आहेत. कागदपत्रे आधी पाहा, मग रायफल. नळीत गंज नसावा, बोल्ट सैल नसावा. प्रशिक्षकाला घेऊन रेंजवर जा, रायफल टेकवून ५० मीटरवर दहा गोळ्या मारून घ्या. दहाही छिद्रे एकमेकांना लगटून पडली तर नळी चांगली. विखुरली तर गोळीचा प्रकार बदलून पुन्हा पाहा, कारण प्रत्येक नळीला प्रत्येक गोळी मानवत नाही.

आमची सही त्या अर्जावर झाली नाही. क्लबची वर्गणी बापाच्या पगारातून जाते आहे, मुलगी एअर रायफलीवर उभी राहायला शिकते आहे. गोळी न भरता चाप ओढण्याचा सराव फुकट होतो, पण तो प्रशिक्षकासमोरच करावा. रिकाम्या .२२ चा चाप तसाच ओढत राहिल्यास नळीच्या मागच्या कडेला इजा होऊ शकते. अशी दोन वर्षे क्लबच्या हत्यारावर काढा. गुण सतत चढते राहिले, तरच रायफलीचा विचार करा. तोवर दस्त्याचे माप, माशीची खूण आणि रोजचे गुण लिहायला एक वही करा. दोन वर्षांनी कोणती रायफल घ्यावी हे आम्हाला विचारावे लागणार नाही, ते त्या वहीत लिहिलेले असेल.